वधूपित्याकडून कपाट

सराफाने पॅन कार्ड मागितलं, तसा चांगो कोळंबे गादीवरून उठला, पायात चपला सरकवल्या आणि काउंटरवर मांडलेला हार, बांगड्या तशाच सोडून दुकानाबाहेर पडला. बायको जिजा आणि मुलगी रूपाली यांना त्याच्यामागे जवळजवळ पळावंच लागलं. कर्जतच्या बाजारपेठेत एका रसवंतीपाशी त्या दोघींनी त्याला गाठलं.

"उठायला काय झालं?" जिजाने विचारलं. "चांगला हार होता. रूपालीला पसंत पडलेला."

"हळू बोल गं. पॅन मागितलं त्याने."

"मग द्यायचं. खिशातच तर हाय."

"खिशात हाय म्हनून काय कुनालापन द्यायचं? पॅन दिलं म्हंजे इन्कम टॅक्सला घरचा पत्ता दिला. उद्या गाडी येऊन दारात उभी राहील. मग बस माळ्यावरची भांडी खाली काढून दाखवत."

रूपालीचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. तिने वडिलांना समजावून बघितलं. "बाबा, दोन लाखांच्या वर खरेदी गेली की पॅन लागतंच. सगळ्यांना लागतं. आणि पैसे तर बँकेतच आहेत, चेक द्या ना."

"सगळ्यांनी जमीन इकलेली नाय," चांगो म्हणाला आणि तीन रस सांगितले. विषय संपला होता.

चांगोने आदल्या वर्षी रस्त्याला लागून असलेली आपली जमीन एका रिसॉर्टवाल्याला विकली होती. त्याच्या गावी, कळंबमध्ये, जमिनी पुष्कळांनी विकल्या, पण त्यांच्या हाती फक्त पैसा आला. चांगोच्या हाती पैशाबरोबर ज्ञानही आलं. तलाठ्याकडे, तहसीलला, रजिस्ट्रारकडे घातलेल्या फेऱ्यांत फेरफार, हरकत, मुखत्यारपत्र असे शब्द त्याच्या तोंडात बसले आणि मग ते बाहेर पडायला जागा शोधू लागले. सकाळी हॉटेलात चहा पिताना तो लोकांना फुकट सल्ले देई. त्या सल्ल्यांनी अजून कुणाचं नुकसान झालेलं नव्हतं, कारण ते कुणी पाळले नव्हते. लोक त्याला चांगोशेठ म्हणत आणि तो हाक ऐकून जरा सावकाश वळे.

परतीच्या जीपमध्ये तो बोटांवर हिशेब करत होता. गाव जवळ आलं तसा त्याचा चेहरा उजळला.

"पॅन कवा लागतं? एका मानसाने दोन लाखांच्या वर घेतलं तर," तो जिजाच्या कानाशी म्हणाला. "आता हार धर दोन लाखांच्या आत. बांगड्यापन दोन लाखांच्या आत. हार एकाने घ्यायचा, बांगड्या दुसऱ्याने. पैसे आपले, नाव त्यांचं. कुठं पॅन लागतं सांग."

"आनि तुमी काय घेनार?"

"मी कायच नाय. माझं नाव कुठंच नको. जमिनीमुळं माझ्यावर नजर हाय."

"कुनाची?"

"ते कळलं असतं तर नजर कशाला म्हटली असती?"

जिजाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर वाद कुठे थांबवायचा हे तिला कळत होतं.

हारासाठी चांगोने निवडला तो जिजाचा भाऊ मनोज. मनोजचं कशेळ्यात हार्डवेअरचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण हात घट्ट. नात्यातल्या कुठल्याही लग्नात त्याचा आहेर ठरलेला, स्टीलचा डबा. त्यातही झाकण दुसऱ्या डब्याचं निघे. बांगड्यांसाठी निवडला तो झहीर. चांगो आणि झहीर शाळेत एका बाकावर बसत. पुढे झहीरने मंडप, खुर्च्या आणि एक टेंपो असा धंदा उभा केला. रूपालीच्या लग्नाचा मंडपही तोच घालणार होता.

"भावजी, माझ्या नावाने हार?" मनोजने खिळे मोजता मोजता विचारलं. "बेबीला कळलं तर?"

"बायकोला कशाला कळतंय? घ्यायचास, आनून माझ्या हातात द्यायचास. तू कोन आनि हार कोन."

झहीरने एवढंही विचारलं नाही. "तू सांगतोस म्हंजे बराबरच असेल," तो म्हणाला. चांगोवर इतका विश्वास टाकणारा कळंबमध्ये तो एकटाच होता.

मनोजचं काम बिनबोभाट झालं. झहीरच्या वेळी जरा गडबड झाली. चांगो समोरच्या रसवंतीत पाठ करून बसला होता आणि झहीर रूपालीची एक काचेची बांगडी मापाला घेऊन दुकानात शिरला. सराफ त्याला ओळखत होता. झहीरची बायको हुस्नबानो वर्षानुवर्षं तिथूनच घेत आली होती.

"भाभींसाठी का?" सराफाने विचारलं.

झहीरला खोटं बोलायची सवय नव्हती. नाही म्हटलं तर मग कुणासाठी, हे सांगावं लागलं असतं. "हो," तो म्हणाला.

सराफाने काचेची बांगडी बोटावर फिरवून बघितली. "एवढ्या लहान मापाची? भाभींचा हात तर..."

"बारीक झाली हाय जरा."

"मग मोठं माप घ्या. माणूस पुन्हा भरतं."

"नाय, हेच द्या. डॉक्टरने सांगितलंय, भरायचं नाय."

बिल झालं. सराफाने डबी हातात देताना म्हटलं, "खूश होतील भाभी." झहीर घामाघूम होऊन बाहेर आला. डबी हातात पडल्यावर चांगोने मित्राला मोठा ग्लास रस पाजला आणि विषय मिटला असं दोघांनाही वाटलं.

चार दिवसांनी हुस्नबानो कानातल्याची फिरकी ढिली झाली म्हणून त्याच दुकानात गेली. सराफाने आपुलकीने तब्येत विचारली, आणि मग हसत म्हणाला, "काय भाभी, बांगड्या बसल्या का हाताला?"

हुस्नबानो हुशार बाई. कुठल्या बांगड्या, असं तिने विचारलं नाही. तिने मनाशी हिशेब केला. पुढच्या महिन्यात तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. नवरा काही बोलला नव्हता, पण तो बोलका कधीच नव्हता. माप लहान आहे हे सराफाच्या बोलण्यात आलं, तेव्हा तिला नवऱ्याची आणखीच दया आली. बिचाऱ्याच्या डोळ्यांसमोर अजून निकाहच्या वेळचा हात असणार. ती घरी आली आणि काही माहीतच नसल्यासारखी वागू लागली. फक्त झहीरच्या ताटात फरक पडला. एके दिवशी सांदणं आणि कोंबडीचा रस्सा. दुसऱ्या दिवशी कोलंबीचा पुलाव. झहीर जेवत होता, ढेकर देत होता, आणि लग्नाच्या मोसमात धंदा बरा चाललाय म्हणून बायको खूश असेल असं समजत होता.

इकडे चांगोला हॉटेलात एक नवीन माहिती मिळाली. रिसॉर्टवरचा एक सुपरवायझर आपल्या अंगठीच्या आतल्या बाजूला कोरलेला बारीक नंबर दाखवत होता. "आता प्रत्येक दागिन्यावर असतो. मोबाइलमध्ये टाकला की सगळं येतं."

"सगळं म्हंजे?"

"सगळं म्हणजे सगळंच," सुपरवायझर म्हणाला. त्यालाही त्यापुढचं माहीत नव्हतं.

चांगोचा चहा तसाच राहिला. दागिन्यावर नंबर, नंबरावर बिल, बिलावर मनोजचं नाव, आणि दागिना कोळंब्यांच्या कपाटात. म्हणजे चोरीचा माल. तो घरी आला, दार लोटलं आणि खाटेवर बसून राहिला. जेवणाच्या वेळेपर्यंत मात्र त्याला तोडही सापडली होती, आणि ती पहिल्या युक्तीपेक्षाही सरस होती.

"भेट," तो म्हणाला. "लग्नात नवरीला कुनीपन काय दिलं, त्याच्यावर टॅक्स नाय. कायदाच हाय तसा. मनोजने हार घेतला, मनोजने भाचीला दिला. झहीरने बांगड्या घेतल्या, झहीरने मित्राच्या पोरीला दिल्या. सगळं चोख."

आता खरं सांगायचं तर, लग्नातल्या भेटीबद्दलचं हे बोलणं बरोबर होतं. चांगोचं एखादं वाक्य बरोबर निघे आणि तेच त्याला गोत्यात आणी.

"पन लोकांना कळायला नको का, त्यांनी दिला म्हनून?" तो पुढे म्हणाला. "साक्षीदार पायजेत. मी कमलेशला सांगतो, माइकवर नाव घेऊन सांग. हजार मानूस ऐकेल. मग कोन विचारतंय?"

रूपाली पोळी लाटता लाटता थांबली. "बाबा, आणि तुम्ही काय दिलं म्हणून सांगायचं?"

"कपाट. त्याची पावती माझ्या नावावर हाय."

"खालापूरची सासरची मंडळी काय म्हणतील? मामाने हार दिला आणि बापाने कपाट?"

"तुला म्हायत हाय ना कुनी दिला ते? मला म्हायत हाय. बास."

जिजाने त्या दिवशी चांगोला वाढताना पापडाची परात त्याच्यापुढून तशीच पुढे नेली.

मनोज आणि झहीर यांना निरोप गेला. मनोज घाबरला. "माइकवर? भावजी, बेबी मांडवात असनार."

"तिला नंतर सांगू. आधी कायदा."

झहीर पुन्हा म्हणाला, "तू सांगतोस म्हंजे बराबरच असेल." पण या वेळी जरा थांबून म्हणाला.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि कमलेशने माइक हातात घेतला. कमलेश एरवी पंचक्रोशीतल्या कबड्डीच्या सामन्यांचं धावतं वर्णन करी. लग्नातही त्याचा आवाज त्याच पट्टीत लागे.

"मंडळी, लक्ष असू द्या इकडं. नवरीचे मामा, कशेळ्याचे प्रसिद्ध व्यापारी मनोजशेठ यांच्याकडून आपल्या लाडक्या भाचीला... सोन्याचा हार."

मांडवात लोकांनी आधी एकमेकांकडे बघितलं. मनोजचं नाव आणि सोनं हे शब्द एका वाक्यात कुणी ऐकलेले नव्हते. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या घोळक्यात बसलेली मनोजची बायको बेबी ताडकन उठून उभी राहिली. मनोजने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या वाढल्या.

"आनि मंडळी, मैत्री कशाला म्हनतात ते आज बघा. चांगोशेठचे बालमित्र झहीरभाई यांच्याकडून नवरीला सोन्याच्या बांगड्या, एक जोडी."

हुस्नबानो पुढच्या खुर्चीत बसली होती. तिने ठेवणीतला मोतिया रंगाचा ड्रेस घातला होता. तिने आधी आपल्या मनगटाकडे बघितलं, मग स्टेजवर रूपालीच्या मनगटाकडे. माप लहान का होतं, ते तिला कळलं. तिने टाळ्या वाजवल्या. सावकाश, तीन-चार.

"आनि आता," कमलेशने आवाज आणखी चढवला, कारण सगळ्यांना वाटत होतं की जमीन विकलेल्या बापाची पाळी म्हणजे आता मांडव हलणार. "वधूपिता चांगोशेठ कोळंबे यांच्याकडून..." त्याने हातातल्या चिठोऱ्याकडे बघितलं, उलटून मागची बाजू बघितली. "कपाट."

कुणी टाळी वाजवली नाही. कमलेशला चांगोची दया आली. "आरशासहित," तो म्हणाला.

व्याही खालापूरचे. तिथल्या एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले, बोलायला गोड आणि मोजके. ते खाली उतरले आणि मनोजला हाताला धरून स्टेजवर घेऊन गेले. शाल-श्रीफळ झालं. जेवायला बसताना त्यांनी मनोजला आपल्या शेजारची खुर्ची दिली. चांगो तोपर्यंत पंगतीत पाणी नीट फिरतंय का ते बघत होता. पानावर बसलेल्या दोघांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं.

"जमीन इकली ना रं याने?"

"इकली. पन हात काय सुटला नाय."

चांगो वाकला आणि त्या दोघांच्याही ग्लासात पाणी ओतलं. एकाच्या ग्लासातून ते बाहेर सांडलं.

मांडवामागे बेबीने मनोजला गाठलं होतं. "आपल्या पोरीच्या कानात रिंगा हायत, त्यापन माझ्या आयशीने घातलेल्या. आनि भाचीला हार? दुकानात दहा रुपयाची कडी सुटी द्यायला तुमाला जड जातं."

मनोजने तोंड उघडलं. समोरून चांगो नको नको म्हणून मान हलवत होता. मनोजने तोंड मिटलं. तेवढ्यात दोन-तीन बायका आल्या आणि त्यांनी बेबीचेच हात हातात घेतले. मामा असावा तर असा, आणि मामीचं मन त्याहून मोठं, नाहीतर कोण देऊ देतं. अशा आणखी बायका येत गेल्या. संध्याकाळी वरात निघाली तेव्हा बेबी कुणाला तरी सांगत होती, "मीच म्हटलं यांना, भाचीला काय कमी पडायला नको."

दुसऱ्या दिवशी झहीरच्या ताटात चवळीची उसळ होती. तिसऱ्या दिवशीही होती. चौथ्या दिवशी झहीरने सगळं खरं सांगून टाकलं. तेव्हा हुस्नबानो ओढणी डोक्यावर घेऊन सरळ कोळंब्यांच्या घरी आली.

"भाऊ, एकच विचारते. बांगड्या कुणाच्या?"

चांगोने उघड्या खिडकीकडे बघितलं. "कायद्याने झहीरच्या," तो हळूच म्हणाला.

"म्हंजे माझ्या नवऱ्याने त्या आपल्या राजीखुशीने दुसऱ्याच्या पोरीला दिल्या."

"कायद्याने."

"ठीक हाय," हुस्नबानो म्हणाली. "आमच्या फराहचंपन लग्न व्हायचंय. तिला तुमी काय देता ते बघू या. कायद्याने."

जिजाने तिला चहा दिला. दोघी ओट्यावर बराच वेळ बोलत बसल्या. चांगोला आतून फक्त हसणं ऐकू आलं, आणि ते कुणाचं होतं ते ओळखता येईना.

रूपाली पहिल्यांदा माहेरी आली ती गळ्यात तो हार घालून. चांगोने तिला आधी सासरची खुशाली विचारली आणि मग, सहज आठवल्यासारखं, आणखी काय म्हणतात, असं विचारलं.

"सासूबाईंनी विचारलं, वडिलांनी अंगावर काहीच कसं नाही घातलं," रूपाली म्हणाली. "मी नवऱ्याला आणि सासू-सासऱ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. सगळं बाबांनीच घेतलं, नावं फक्त दुसऱ्यांची."

चांगोचा जीव भांड्यात पडला. कायदा मोडला तरी चालेल असं त्याला त्या क्षणी वाटलं. "मग काय म्हनाले?"

"सासरे सासूबाईंना म्हणाले, पोर गुणाची आहे. बापाची बाजू झाकते."

त्या रात्री चांगोला जेवण गेलं नाही. आजवर लोक त्याला काय वाटेल ते म्हणाले तरी त्याला फरक पडला नव्हता, कारण आपण त्यांच्यापेक्षा शहाणे आहोत याची त्याला खात्री होती. पण पोरीने खरं सांगावं आणि ते बापासाठी बोललेलं खोटं ठरावं, हे त्याला लागलं. सकाळी त्याने जमिनीचे सगळे कागद पिशवीत भरले आणि कर्जतला स्टेशनजवळ बसणाऱ्या एका सीए बाईंचं ऑफिस गाठलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच त्यांनी पेन तोंडावर धरलं.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "जमिनीचं खरेदीखत केलंत, तेव्हा पॅन दिलं होतं ना?"

"ते द्यावंच लागलं. रजिस्ट्रार सोडतोय का?"

"म्हणजे इन्कम टॅक्सला तुमची जमीन तेव्हापासूनच माहीत आहे."

चांगोने खुर्चीचा हात धरला. "आनि आले नायत ते?"

"कशाला येतील? गावातली शेतजमीन, शहराच्या हद्दीपासून लांब. तुमच्या या विक्रीवर करच नव्हता. पैसा चेकने आला, बँकेत पडला. त्या पैशातून तुम्ही कितीही सोनं घेतलं असतं तरी पॅन द्यायचं, चेक द्यायचा आणि बिल घेऊन घरी जायचं. एवढंच होतं."

"आनि हॉटेलात म्हनतात, बाईला अर्धा किलो, पोरीला पाव किलो, बाप्याला शंभर ग्रॅम, तेवढंच सोनं ठेवता येतं, ते काय मग?"

"ते धाड पडली आणि कसलाही पुरावा दाखवता आला नाही, तरी साधारण तेवढे दागिने उचलून नेत नाहीत, त्याबद्दलचं आहे. पुरावा असला तर मर्यादा नाही."

"दागिन्यावरचा नंबर?"

"सोनं किती शुद्ध आहे, ते कळतं. मालक कोण, ते नाही."

चांगोने जमिनीचे कागद पुन्हा पिशवीत भरले. मग त्याने शेवटचं विचारलं. "आता ते सोनं माझ्या नावावर करता येईल? म्हंजे मी दिलं असं?"

"बिल त्यांच्या नावाने, भेट त्यांनी दिली, माइकवर जाहीर झालं, हजार साक्षीदार," बाई म्हणाल्या. "तुम्ही फार पक्कं काम केलंय, कोळंबे. फक्त पुन्हा कुणाच्या नावावर बिल करू नका. यात चुकीचं काही असेल तर तेवढंच."

तो तसाच उठून खालापूरला गेला. व्याह्यांनी पाटावर बसवलं, सरबत दिलं. चांगोने पहिल्यापासून सगळं सांगितलं, पॅन कार्ड, रसवंती, नंबर, सीए बाई. बोलणं संपल्यावर व्याही पुढे झुकले आणि त्यांनी चांगोच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असू द्या हो," ते म्हणाले. "कपाट चांगलं मजबूत आहे. आम्हाला काही कमी नाही."

चांगोने सरबत संपवलं.

पुढच्या मोसमात मनोजच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका घेऊन बेबी स्वतः कळंबला आली. मनोज मागे उभा होता. गेल्या वर्षभरात त्याची तब्येत सुधारली होती. कशेळ्याच्या जत्रेच्या कमिटीत त्याला खजिनदार केलं होतं, दुकानात गिऱ्हाईक वाढलं होतं, आणि लोक त्याला रस्त्यात थांबवून घरातल्या भांडणांवर त्याचं मत विचारत होते.

"आमी भाचीला हार घातला," बेबी जिजाला म्हणाली. "आता आत्याचं मन बघू."

चांगोने मनोजला परसात नेलं. "तू तिला अजून सांगितलं नाय?"

"सांगनार होतो, भावजी," मनोज म्हणाला. "पन आता कसं सांगू? कमिटी काय म्हनेल?"

चांगोला राग यायला हवा होता. पण मनोजने अंगावर नवीन सदरा घातला होता, तो ताठ उभा होता, आणि आल्या आल्या त्याने अंगणात खेळणाऱ्या लहान पोरांच्या हातावर पैसे ठेवले होते. हे सगळं एका हाराने झालं होतं, आणि हार चांगोचा होता. आपण एक माणूस सुधारला, असं त्याला वाटून गेलं.

दुसऱ्याच दिवशी तो जिजाला घेऊन कर्जतला सराफाकडे गेला. सराफाने काही विचारायच्या आत त्याने पॅन कार्ड काउंटरवर ठेवलं, शेजारी चेकबुक ठेवलं आणि गादीवर ऐसपैस बसला.

"नाव नीट लिवा," तो म्हणाला. "चांगो कोळंबे. पत्तापन लिवा. पूर्ण."

हार पसंत झाला. हुस्नबानोचं बोलणं लक्षात ठेवून जिजाने फराहसाठी बांगड्याही बघून ठेवल्या. "अजून वेळ हाय," चांगो म्हणाला. "पन त्यापन चेकनेच."

मनोजच्या मुलीच्या लग्नात माइक पुन्हा कमलेशच्याच हातात होता. चांगो मुद्दाम लोकांच्या मधोमध बसला, कारण ते काय बोलतात ते त्याला ऐकायचं होतं.

"मंडळी, नवरीच्या आत्या जिजाबाई आनि त्यांचे यजमान, कळंबचे चांगोशेठ कोळंबे यांच्याकडून... सोन्याचा हार."

टाळ्या पडल्या. चांगोने मान ताठ केली. त्याच्या मागे दोन गृहस्थ बसले होते, नवऱ्याकडचे असावेत, कारण ते त्याला ओळखत नव्हते.

"गेल्या साली मनोजशेठने या चांगोशेठच्या पोरीला हार घातला होता ना, तोच हा?"

"तोच. वर्ष झालं नाय आनि परत केला बघा. हल्ली कोन करतं?"

"मानूस सरळ दिसतो."

चांगोचे खांदे आधी पडले. त्याने बायकांच्या बाजूला बसलेल्या जिजाकडे बघितलं. ती नवरीच्या गळ्यातला हार सारखा करायला उठली होती. मग तो हळूहळू मागे वळला. त्या दोघांनी त्याच्याकडे बघितलं आणि ते जरा ओशाळले.

"तुमीच का चांगोशेठ?"

"मीच," चांगो म्हणाला. खुर्ची त्यांच्या बाजूला फिरवून तो ऐसपैस बसला. "कुनाचं ठेवून घेतलेलं आपल्याला पचत नाय. पयल्यापासूनच."